प्रकट श्रद्धा आणि शेजार : पंढरपूर ते सोलापूर

१. प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणेच धर्मांतराच्या घटनेकडे जाते. कोणी, केव्हा, कोणाच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला, त्यामागे कोणती प्रेरणा होती आणि स्वकीयांनी कोणता विरोध केला, या प्रश्नांची उत्तरे आत्मचरित्रांत, मिशनच्या अहवालांत व समकालीन वृत्तपत्रांत विपुल सापडतात. परंतु बाप्तिस्मा हा एका दिवसाचा विधी होय. त्यानंतर जी वीस, तीस, चाळीस वर्षे जगावयाची असतात त्यांचा हिशेब या साधनांत तितक्या ठळकपणे मांडलेला नसतो. नवी श्रद्धा उघडपणे स्वीकारलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी पाणी कोठे भरतो, कोणाच्या पंक्तीला बसतो, मुलाचे नाव काय ठेवतो, शेजाऱ्याच्या सणाला जातो की दार लावून घेतो, गावकीच्या कामाला जातो की नकार देतो, या साध्या गोष्टींत त्याच्या श्रद्धेची खरी परीक्षा होत असते.

प्रस्तुत लेखाचा विषय ही परीक्षा हा आहे. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील दोन स्थळे विशेष उपयोगी पडतात. एक पंढरपूर, जेथे लक्ष्मीबाई टिळकांनी पतीच्या धर्मांतरानंतरच्या ताटातुटीचा काही काळ काढला. आणि दुसरे खुद्द सोलापूर शहर, जेथे १ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती समाजासमोर भाषण केले. पहिल्या स्थळी हा प्रश्न एका घराचा होता, दुसऱ्या स्थळी तो एका समाजाचा झाला. या दोन टोकांमधील वाट पाहिली म्हणजे असे दिसून येते की, मराठी ख्रिस्ती माणसाला आपली श्रद्धा जाहीर करणे जितके कठीण गेले त्याहून अधिक कठीण गेले ते शेजारात राहून ती आचरणे. आणि जेथे तो शेजार सुटला तेथे श्रद्धा सुरक्षित राहिली खरी, पण प्रकट राहिली असे म्हणता येत नाही.

२. अन्न, पाणी आणि नाव

अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले व १८३१ साली त्यांनी अहमदनगर येथे ठाणे उभारले. १८४२ साली नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. या काळातील धर्मांतरांवर जी वादळे उठली त्यांचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपाद हाही त्यांच्याजवळ जाऊन राहिला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली व न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. श्रीपादचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तथापि ख्रिस्ती लोकांच्या घरी त्याचे अन्नपाणी झाले होते, आणि तेवढ्यावरून त्यास पुन्हा जातीत घ्यावे की न घ्यावे याविषयी मुंबई-पुण्याच्या ब्राह्मणवर्गात मोठे वादंग माजले. प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे असा पुढाकार बाळशास्त्री जांभेकरांनी घेतला व त्याबद्दल त्यांना स्वजातीयांचा रोषही सहन करावा लागला.

या प्रकरणात न्यायालयाने विचार केला तो पालकत्वाचा, जातीने विचार केला तो अन्नपाण्याचा. मुलाच्या मनात काय आहे हा प्रश्न दोन्ही ठिकाणी गौण ठरला. यावरून तत्कालीन समाजाची धर्मविषयक दृष्टी स्पष्ट होते. मत हे खाजगी समजले जाई, पण पंक्ती ही सार्वजनिक होती. एखाद्याने शास्त्रावर अविश्वास दाखविला तरी तो खपून जाई. परक्या हातचे पाणी प्यालेला मात्र खपत नसे. साहजिकच श्रद्धा प्रकट करण्याचे पहिले स्थान उपासनामंदिर नसून पाण्याचे भांडे हेच ठरले.

कायद्याने यातील काही प्रश्न सोडविण्याचा यत्न केला. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे किंवा जातिबहिष्कारामुळे वारसाहक्क बुडू नये अशी तरतूद केली. १८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाच्या कायद्याने, धर्मांतर केलेल्या व्यक्तीचा जोडीदार त्या कारणावरून सहवास नाकारीत असेल तर विवाह मोडण्याचा मार्ग खुला केला. परंतु वारसा मिळाला म्हणून भाऊबंद दारात उभे करीत नसत, आणि विवाह मोडता येतो म्हणून संसाराचा प्रश्न सुटत नसे. कायद्याचा हात न्यायालयाच्या पायरीपर्यंतच पोहोचत होता. आड, चूल आणि ओसरी त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

नावांच्या बाबतीत मात्र या समाजाने आरंभापासून एक लक्षणीय भूमिका घेतलेली दिसते. गोव्यात व वसईत पोर्तुगीज अमलाखाली ख्रिस्ती झालेल्यांना पोर्तुगीज नावे मिळाली. नगर-सोलापूरकडील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तसे सरसकट घडले नाही. हरी रामचंद्र खिस्ती, रामकृष्ण विनायक मोडक, तुकाराम नाथोजी, कृष्णराव रत्नाजी सांगळे, नारायण वामन टिळक ही सर्व नावे बाप्तिस्म्यानंतरही तशीच राहिली. हरी आणि रामकृष्ण या नावांचे पाळक ख्रिस्ताची उपासना चालवीत, आणि त्यात कोणास विसंगती वाटत नसे. आडनावेही तीच राहिली. गायकवाड, साळवे, जाधव अशा आडनावांवरून मनुष्य ख्रिस्ती आहे की नाही हे ओळखता येत नाही. ते त्याच्या वागण्यावरूनच ओळखावे लागते. नाव न बदलण्याने श्रद्धेची जबाबदारी आचरणावर येऊन पडली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

३. पंढरपूर : एका घराची पाच वर्षे

नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या पाच वर्षांची हकीकत ‘स्मृतिचित्रे’ या १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात आली आहे, आणि मराठी ख्रिस्ती जीवनाच्या अभ्यासकास त्याइतके मोलाचे दुसरे साधन क्वचितच मिळेल. कारण त्यात धर्मांतर करणाऱ्याची नव्हे, तर त्याच्या निर्णयाचे परिणाम ज्या व्यक्तीवर न विचारता येऊन आदळले तिची बाजू आहे.

पतीच्या धर्मांतराची वार्ता आली तेव्हा लक्ष्मीबाई सधवा असून सधवा नव्हत्या. रूढीच्या दृष्टीने नवरा जिवंत असून मेल्यासारखा होता. पदरी लहान मुलगा होता. माहेर-सासरच्या नातलगांनी त्यांना सांभाळले, काही काळ त्या बहिणीच्या आधाराने पंढरपुरास राहिल्या. टिळक पत्रे पाठवीत, भेटीस येत. दोघांत प्रेम उणे झालेले नव्हते, पण एकत्र राहणे शक्य नव्हते, कारण मध्ये अन्न आणि पाणी उभे होते. १८६६ च्या कायद्याने दिलेली वाट समोर असताना हे दांपत्य तिकडे वळले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. न्यायालय जो संबंध मोडून देऊ शकत होते तो त्यांनी पाच वर्षे ताणला, पण तुटू दिला नाही.

पंढरपूर हे या कथानकातील केवळ योगायोगाचे स्थळ नव्हे. भागवत धर्माच्या या पीठात समतेचा उच्चार शतकानुशतके होत आला होता. वाळवंटात भेदाभेद मावळतात असा वारकऱ्यांचा अनुभव होता. तथापि त्याच गावात घराच्या उंबरठ्याच्या आत सोवळेओवळे अबाधित होते, आणि चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर होती. १९४७ साली साने गुरुजींना विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण करावे लागले, यावरून भजनातील समता आणि व्यवहारातील समता यांमधील अंतर किती होते याची कल्पना येते. टिळक स्वतः तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे मानीत. त्यांच्या पत्नीला मात्र त्या वाटेवरील सर्वांत अवघड टप्पा, म्हणजे घरातील चुलीचा, स्वतःच्या पायांनी चालावा लागला.

लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. एकत्र राहू लागल्यावरही प्रथम त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा होता. एका छपराखाली दोन धर्म नांदत होते, आणि त्यांतील सीमारेषा म्हणजे एक घागर होती. पुढे त्यांच्या मनात हळूहळू जो पालट झाला त्याचा क्रम फार उद्बोधक आहे. प्रथम जातिभेद मनुष्यकृत आहे असे त्यांना पटले. मग कोणाच्याही हातचे खाण्यास त्या सिद्ध झाल्या. आणि बाप्तिस्मा या सर्वांनंतर आला. सामान्यतः सिद्धांत आधी व आचार नंतर अशी धर्मांतराची कल्पना केली जाते. येथे क्रम उलटा आहे. आचाराने दार उघडले, सिद्धांत त्यातून आत आला.

नगरचे टिळकांचे घर पुढे ज्या रीतीने नांदले त्यातही हीच दृष्टी दिसते. दुष्काळ व प्लेग यांच्या दिवसांत अनाथ मुलांना त्या घरात आसरा मिळाला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, त्या घरात मुलासारखे राहिले व अखेरपर्यंत हिंदूच राहिले. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या पहिल्या कविसंमेलनात ठोमऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. त्या संमेलनात टिळकांचा सहभाग ख्रिस्ती प्रचारक म्हणून नव्हे, तर मराठी कवी म्हणून होता. धर्म न लपविता आणि तो पुढेही न दामटता मराठी वाङ्मयाच्या सभेत बरोबरीने बसणारा हा बहुधा पहिलाच ठळक ख्रिस्ती गृहस्थ होय.

४. कीर्तन, भजन आणि दरबार

प्रकट श्रद्धेचा दुसरा प्रश्न भाषेचा होता. येथे भाषा या शब्दाने केवळ शब्द अभिप्रेत नाहीत. सूर, वाद्य, बैठक व विधी हे सर्व त्यात येते. फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचून १६१६ साली छापविले, तेव्हाच मराठी श्रोत्याला ख्रिस्तकथा कोणत्या रूपात रुचेल याचे उत्तर मिळाले होते. परंतु एकोणिसाव्या शतकातील मिशनांच्या उपासनेत पाश्चात्य चालींची भाषांतरित गीते दीर्घकाळ गायिली गेली. पेठेतून जाणाऱ्या माणसाला आतून येणारा आवाज ओळखीचा वाटत नसे.

हा परकेपणा घालविण्याचे श्रेय प्रथम कीर्तनकारांकडे जाते. नगर भागात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजविली. पूर्वरंग, आख्यान, मधून पदे, हाती चिपळ्या, मागे तबला-पेटीची साथ, हा सर्व ठाट श्रोत्यांच्या परिचयाचा होता. कीर्तन हे स्वभावतःच उघड्यावरचे साधन होय. त्याला दार नसते. श्रोत्याने आत यावे लागत नाही. तो वाटेने जाता जाता थांबतो, पटले तर बसतो, न पटले तर उठून जातो. व्याख्यानात वक्ता श्रोत्याला जिंकू पाहतो. कीर्तनात दोघेही एका कथेपुढे बसतात. ख्रिस्ती श्रद्धा शेजाऱ्याच्या कानी त्याच्याच सुरात पडली ती या मार्गाने.

टिळकांनी हीच दिशा अधिक खोल नेली. त्यांची भजने व अभंग मराठी मंडळ्यांत इतकी मुरली की ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून ती आजही गायिली जातात. १९१२ पासून निधनापर्यंत ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. तथापि केवळ सुरांचा बदल त्यांना पुरेसा वाटला नाही. मिशनकडून वेतन घेणारा प्रचारक हा शेजाऱ्याच्या दृष्टीने परक्यांचा नोकरच राहतो, आणि नोकराच्या श्रद्धेवर कोणी विश्वास ठेवीत नाही, हे त्यांनी ओळखले. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबरच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. बाप्तिस्म्याची रेषा अशी सैल केल्याने कित्येक मिशनरी व देशी ख्रिस्ती अस्वस्थ झाले, आणि ती शंका अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. कारण ज्यांनी बाप्तिस्म्यासाठी घरदार गमावले होते त्यांना न गमावता आत येणाऱ्यांविषयी काय वाटावे हा प्रश्न खराच होता.

टिळकांना हा प्रयोग चालविण्यास अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. आपला देह पुरू नये, दहन करावा, अशी इच्छा त्यांनी नोंदवून ठेवली होती. त्याप्रमाणे मुंबईस दहन होऊन रक्षा नगरला नेण्यात आली. ख्रिस्ती प्रथेत दफन रूढ असता हा निर्णय घेण्यात त्यांनी अखेरच्या विधीतही श्रद्धा व रूढी यांना वेगळे केले. ख्रिस्ती माणसाने कोणत्या गोष्टीत निराळे दिसावे आणि कोणत्या गोष्टीत शेजाऱ्यासारखे, याचा निवाडा दुसऱ्या कोणी करून देण्याऐवजी त्याने स्वतः करावा, हा त्या निर्णयाचा अर्थ होता.

५. सोलापूर : पेठ, हाता आणि वसाहत

नगरहून निघालेले अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८६० च्या दशकात सोलापुरास स्थिरावले. १८६० साली लोहमार्ग सोलापुरास पोहोचला होता. पुढील दशकात येथे कापडगिरणी निघाली आणि शहराचे रूप झपाट्याने पालटले. मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या चार भाषा एका बाजारात बोलणारे, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेभोवती वर्षाची गणना करणारे, विणकर व गिरणीकामगारांचे हे गाव होते. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ अशा वारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पेठांत त्याची जुनी वस्ती वाटलेली होती.

पेठ हे मराठी नगरजीवनाचे मूळ घटकस्थान होय. पेठेत मनुष्य एकटा नसतो. त्याच्या घरी काय शिजते, कोण येते-जाते, मुलगी कोणत्या शाळेत जाते, मयताला किती माणसे आली, हे सर्व शेजाऱ्यास ठाऊक असते. तेथे श्रद्धा लपविता येत नाही. पण तेथे ती निर्धास्तपणे आचरताही येत नाही. याच्या उलट मिशनचा हाता. बंगला, शाळा, वसतिगृह, उपासनामंदिर व कामकऱ्यांची घरे यांना कवेत घेणारी ती एक स्वतंत्र वस्ती असे. गावाने पाणी बंद केलेल्या, भाऊबंदांनी हाकलून दिलेल्या नवख्रिस्ती कुटुंबाला हात्याने आसरा दिला. दुष्काळात अनाथ झालेली मुले तेथेच वाढली. हात्यावाचून या समाजाची पहिली पिढी तगली असती की नाही याची शंका आहे. म्हणून हात्याची केवळ निंदा करणे हे इतिहासाला धरून होणार नाही.

परंतु हात्याची किंमतही मोजावी लागली. हात्यातील ख्रिस्ती माणसाची श्रद्धा गावाला दिसे ती कुंपणापलीकडून. मिशनमध्येच शिक्षण, मिशनमध्येच नोकरी, मिशनमध्येच विवाह आणि मिशनच्याच दफनभूमीत अखेर, असा जीवनक्रम झाला की शेजारी उरत नाही. आणि भाकरीसाठी धर्म स्वीकारला, हा आरोप खोडून काढण्यासही कोणी साक्षी उरत नाही. सोलापुरात हे कुंपण काही अंशी शाळांनी ओलांडले. हार्डिंग घराण्यातील मेरी हार्डिंग यांनी येथे चालविलेली बालवाडी व तिच्या शिक्षिकांचा प्रशिक्षणवर्ग यांचे नाव विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात या बाबतीत घेतले जाते. बालवाडीत येणारे मूल धर्म विचारीत नाही, आणि मुलाच्या मागोमाग आई दारापर्यंत येते.

याच शहरात हात्याहून वेगळे असे आणखी एक कुंपण उभे राहिले, आणि त्याचा उल्लेख टाळता येणार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. पुढे या कायद्याखाली सोलापुरास तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत वसविण्यात आली व तिची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे सोपविली गेली. शाळा, काम व औषधपाणी देण्याचा हेतू प्रामाणिक असेल. पण हजेरी चुकली की शिक्षा होईल अशा माणसापुढे मांडलेली प्रीतीची शिकवण कितपत मोकळी राहते, हा प्रश्न उरतोच. श्रद्धा प्रकट असण्यास सांगणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य आवश्यक असते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. कुंपणाच्या आत झालेल्या सेवेची नोंद घेताना कुंपणाचीही नोंद घेणे हे इतिहासकाराचे कर्तव्य होय.

६. १ जानेवारी १९३८

१९३५ च्या ऑक्टोबरात येवले येथे आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा डॉ. आंबेडकरांनी केल्यानंतर प्रत्येक धर्माचे प्रवक्ते त्यांच्याकडे आशेने पाहू लागले होते. १९३८ च्या पहिल्या दिवशी सोलापूरच्या ख्रिस्ती लोकांसमोर ते बोलावयास उभे राहिले तेव्हा श्रोत्यांना काय ऐकण्याची उत्कंठा असेल हे सांगावयास नको. भाषणाचा वृत्तांत ‘ज्ञानोदया’त आला व त्यावरून ५ फेब्रुवारी १९३८ च्या ‘जनता’ पत्रात पुन्हा छापला गेला.

बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन वेधले आहे असे त्यांनी सांगितले. समता, बंधुता व स्वातंत्र्य शिकविणारा धर्म आपणांस हवा, हेही सांगितले. परंतु भाषणाचा गाभा स्तुतीचा नव्हता. दक्षिणेतील ख्रिस्ती लोक उपासनामंदिरातही जातिभेद पाळतात, याकडे त्यांनी बोट दाखविले. आणि मग त्यांनी समोर बसलेल्या सुशिक्षित समाजाकडे मोहरा वळविला. या समाजात शेकडो मुलेमुली शिकली. तरी सामाजिक अन्यायाविरुद्ध अशिक्षित अस्पृश्यांनी जितका लढा दिला तितकाही त्यांनी दिला नाही. मुलगी परिचारिका झाली, मुलगा शिक्षक वा कारकून झाला की तो आपल्या कामात गुरफटून जातो, सार्वजनिक कार्याकडे पाहत नाही. महार मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती बंद होते, त्याची गरिबी मात्र तशीच राहते. हा समाज राजकारणात असता तर असे घडले नसते. राजकीय पाठबळावाचून समाज टिकविणे कठीण, हा त्या विवेचनाचा निष्कर्ष होता.

या टीकेचे महत्त्व नीट समजण्यासाठी तिची पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. १९३५ च्या कायद्याने देशी ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ व राखीव जागा दिल्या होत्या. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हा समाज राजकारणात होताच. आंबेडकरांचा रोख त्या जागांकडे नव्हता. त्यांना अभिप्रेत असलेले राजकारण म्हणजे पाणवठा, शाळा, रस्ता व नोकरी यांवरील अन्यायाविरुद्ध उघडपणे उभे राहणे हे होते. १९२७ साली महाडच्या तळ्यावर जे घडले ते याच अर्थाने राजकारण होते. चुलीपाशी जो प्रश्न लक्ष्मीबाईंनी एकटीने सोडविला तोच प्रश्न तळ्यावर हजारोंनी मांडला. ख्रिस्ती समाजाने पहिला प्रश्न सोडविण्यात अग्रेसरत्व मिळविले होते. दुसऱ्याच्या वेळी तो बहुतांशी हात्यात राहिला.

या आरोपास समाजाच्या बाजूने उत्तर नव्हते असे नाही. संख्येने अल्प, जमिनीने हीन, नोकरीने मिशनवर अवलंबून असलेल्या लोकांनी सत्तेशी झगडा कोणत्या बळावर करावा? शिवाय ज्या कुटुंबांनी गावकीचे महारकीचे काम सोडले त्यांनी आपापल्या गावी बलुते गमावून तो झगडा दिलाच होता. परंतु तो विखुरलेला होता. एकेका घराचे धैर्य समाजाच्या मागणीत रूपांतरित झाले नाही, एवढे आंबेडकरांचे म्हणणे मान्य करावेच लागते.

पुढील घडामोडींनी त्या भाषणातील शिष्यवृत्तीचा मुद्दा अधिकच गंभीर केला. १९४९ साली संविधानसभेने धार्मिक अल्पसंख्यांकांच्या राखीव जागा रद्द केल्या व ख्रिस्ती प्रतिनिधींनी त्यास संमती दिली. सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म प्रकट करणे, आचरणे व त्याचा प्रसार करणे या तीन गोष्टींचे स्वातंत्र्य दिले. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यात समाविष्ट झाले, ख्रिस्ती बाहेर राहिले. त्यामुळे ज्या माणसास संविधान श्रद्धा प्रकट करण्यास मोकळीक देते त्यालाच ती कागदावर प्रकट करण्याची किंमत मोजावी लागते. एकाच कुटुंबात उपासनेची श्रद्धा एक आणि दाखल्यावरची नोंद दुसरी राहण्याचा मोह यातून उत्पन्न होतो. एकोणिसाव्या शतकात श्रद्धेची कसोटी घागरीपाशी लागत होती. स्वतंत्र भारतात ती कचेरीच्या खिडकीपाशीही लागू लागली.

७. समारोप

वरील विवेचनावरून प्रकट श्रद्धेच्या तीन अवस्था वेगळ्या करता येतात. पहिलीत व्यक्ती श्रद्धा जाहीर करते. तिची साक्ष नगर-मुंबईच्या आरंभीच्या धर्मांतरितांत मिळते. दुसरीत घर ती आचरते. टिळक दांपत्याचे चरित्र तिचे उत्तम उदाहरण होय. तिसरीत समाज ती सार्वजनिक न्यायाच्या कामी लावतो; सोलापूरच्या भाषणात आंबेडकरांनी जिची मागणी केली ती ही अवस्था होय. या अवस्था पायऱ्यांसारख्या आपोआप एकामागून एक येत नाहीत. पहिली गाठलेल्या पुष्कळांना दुसरी साधली नाही. दुसरी साधलेल्या समाजास तिसरी अपुरीच राहिली.

या तिन्हींना जोडणारा धागा शेजाराचा आहे. १९२४ साली उत्तर भारतीय संयुक्त मंडळीत आणि १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन होऊन जुनी मिशने इतिहासजमा झाली. हात्याचे आर्थिक कवच गेले. त्यानंतरच्या पिढ्या पेठांत, चाळींत, सहकारी वसाहतींत इतरांसारख्याच राहू लागल्या. नाताळात करंज्या, लाडू व चिवड्याची ताटे शेजारी जातात. तीन आठवड्यांनी संक्रांतीचा तिळगूळ त्याच दारातून परत येतो आणि गड्ड्याच्या गर्दीत सर्व मिसळून जातात. ही देवघेव क्षुल्लक वाटते. परंतु ज्या प्रदेशात अर्ध्या घोटाच्या पाण्यावरून मनुष्य जातीबाहेर पडत असे तेथे एका घरचे अन्न दुसऱ्या घरी निःशंकपणे खाल्ले जाणे, हा मोठ्या झगड्याचा परिणाम होय.

तथापि ताटाची देवघेव हा आरंभ आहे, पूर्तता नव्हे. शेजाऱ्याला फराळ देणारे घर शेजाऱ्यावरील अन्यायाच्या वेळीही दार उघडते की नाही, आणि शेजारीही त्या घरावरील अन्यायाच्या वेळी उभा राहतो की नाही, यावर त्या शेजाराची खरी किंमत ठरते. सोलापूरच्या श्रोत्यांपुढे १९३८ साली ठेवलेला प्रश्न हाच होता. धर्मांतराचा इतिहास लिहिणाऱ्याने केवळ बाप्तिस्म्यांची गणना न करता हा प्रश्न प्रत्येक मंडळीला, प्रत्येक पेठेला व प्रत्येक पिढीला विचारला, तर मराठी समाजाच्या धर्मजीवनाचे आजवर अर्धेच दिसलेले चित्र अधिक पूर्ण होईल.